आमचे डॉक्टर



‘आमचे डॉक्टर’ हे शब्द आपण किती सहज उच्चारतो! आमचे शिंपी, आमचे वकील असेही म्हणतो. पण त्यात हा जिव्हाळा नसतो. घरात पेनिसिलिन कोणाला सोसत नाही, थोरल्या सुनेचे कोणते बाळंतपण अडले होते, आजोबा दुखणे वाढवून सांगतात की लपवतात, हे सारे त्या एका माणसाच्या डोक्यात असते.

ही जुन्या काळाची हळहळ झाली, असे कोणी म्हणेल. म्हणून मी आपल्याला जरा दूर, नॉर्वेत नेतो. त्या देशाने २००१ साली जवळजवळ प्रत्येक रहिवाशाचे नाव एकेका ठरावीक डॉक्टरच्या यादीत घातले. डॉक्टर बदलण्याची मुभा ठेवली. पुढे सुमारे ४५ लाख लोकांच्या २०१८ सालच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्यांची तुलना त्यांनी जेमतेम वर्षभर असलेल्यांशी केली. पहिल्या गटात मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी भरली. रुग्णालयात तातडीने दाखल होण्याचे प्रमाणही तसेच घटलेले दिसले.

आता, धडधाकट आणि स्थिर माणूस घर बदलत नाही, म्हणून डॉक्टरही बदलत नाही; मग हे श्रेय डॉक्टरांचे कशावरून? शंका रास्त आहे. अशा पाहणीतून ती पुरती फिटत नाही. परंतु वय, शिक्षण, जुनाट आजार यांचा हिशेब धरूनही फरक उरला, आणि वर्षे वाढली तसतसा तो वाढत गेला.

असे का व्हावे? कागदपत्रे तर आता यंत्रात राहतात, कोणीही वाचावीत. पण कागदावर येते ते रोग्याने सांगितलेले. अनोळखी डॉक्टरपुढे माणूस खोकला सांगतो. ओळखीच्या डॉक्टरपुढे उठता उठता, दाराशी थांबून, रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वीच सोडल्याचे सांगतो. खरे दुखणे पुष्कळदा त्या दाराशीच कळते.

ओळखीचा तोटाही असतो, तो झाकण्यात अर्थ नाही. रोज पाहणाऱ्याला मूल वाढलेले दिसत नाही. थायरॉइडच्या विकाराने हळूहळू सुजत गेलेला चेहरा जुन्या डॉक्टरच्या नजरेतून सुटतो आणि परगावच्या डॉक्टरला उंबरठ्यावरच दिसतो. तेव्हा अधूनमधून दुसऱ्याचे मत घेतले तर आपल्या डॉक्टरांनी रागावू नये. शहाणा डॉक्टर रागावतही नाही.

आपल्याकडे अशी यादी नाही. छातीत जळजळले की आपण थेट हृदयाच्या डॉक्टरकडे, डोके दुखले की मेंदूच्या! प्रत्येकाची चिठ्ठी निराळी. दोन चिठ्ठ्यांवर दोन नावांनी एकच औषध आलेले असते आणि म्हातारा इमानाने दोन्ही गोळ्या घेतो. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मांडून पाहणारा कोणी नसतो. आणि मराठवाड्यातला ऊसतोड मजूर वर्षातले पाचसहा महिने कारखान्याच्या फडावर असतो. त्याने ‘आमचे डॉक्टर’ कोणाला म्हणावे? त्याच्या गोळ्या गावी सुरू होतात नि फडावर तुटतात. नॉर्वेतही सारे आलबेल नाही. २०२२ च्या सुमारास तेथे लाखाहून अधिक लोकांना ठरावीक डॉक्टर मिळत नव्हता.

या सभागृहात ज्यांचे डॉक्टर सत्तरी ओलांडून गेले आहेत, त्यांना एक सुचवतो. डॉक्टरांचा मुलगा शस्त्रक्रिया शिकून पुण्यामुंबईस गेलेला असतो. एके दिवशी दवाखान्याला कुलूप लागते आणि चाळीस वर्षांचे केसपेपर रद्दीत जातात. त्याआधीच त्यांना विचारा, “तुमच्यामागे आम्ही कोणाकडे जायचे?” नवा डॉक्टर ठरला, तर त्याला चार-सहा महिने त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसू द्या आणि तुमची नाडी दोघांनाही पाहू द्या.