वारुळावरची अळंबी



दिवसभर तापलेल्या या पटांगणाच्या फरशीतून अजून ऊब वर येते आहे, आणि मी आपणांशी बोलणार आहे तो अळंबीविषयी! विषय अवेळी वाटेल. पण मी मुद्दामच ही वेळ साधली आहे. आणखी महिन्याभराने मृग लागेल, त्र्यंबकच्या आणि इगतपुरीच्या रस्त्यांना मोटारींची रीघ लागेल, अंजनेरीच्या वाटेवर पोरेसोरे भिजत हिंडू लागतील, आणि त्यांतल्या कोणाच्या तरी हाती पांढरी शुभ्र छत्री लागेल. ती हातात आल्यावर व्याख्यान ऐकायला कोणी थांबत नाही. तेव्हा जे सांगायचे ते आधीच सांगितलेले बरे.

पहिली गोष्ट नावाची. आपल्या शहरी मराठीने या साऱ्या सृष्टीला एकच नाव ठेवले आहे, 'कुत्र्याची छत्री'. त्यात कुतूहल नाही, तिरस्कार मात्र भरपूर आहे. मनुस्मृतीने लसूण, कांदा आणि कवक एकाच पंक्तीत बसवून द्विजांना वर्ज्य केले. कांदा आणि लसूण आपण केव्हाच माफ केले. आपल्या लासलगावचे तर कांद्यावाचून पान हलणार नाही. कवकाला मात्र क्षमा मिळाली नाही. पण थोडे घाटाखाली उतरा, कोकणात आणि गोव्यात 'अळंबी', 'अळमी' हे शब्द तोंडाला पाणी आणतात. विदर्भात जा, तिथे 'टेकोडे' आणि 'सात्या' यांची वाट पाहिली जाते. आणि नाशिकहून पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूला गेलात, तर तिथल्या कोकणा, वारली, महादेव कोळी घरांत पावसाळी रानभाज्यांच्या बरोबरीने अळंबीलाही मान आहे.

नाशिककरांची बुरशीशी ओळख आहे ती शत्रू म्हणून. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला 'भुरी' आणि 'केवडा' या दोन शब्दांनी झोप येत नाही. (केवड्याच्या रोगजंतूला शास्त्रज्ञ आता खरी बुरशी मानीत नाहीत, पण बाग गेलेल्या माणसाला त्यात काय सांत्वन!) बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या या माणसाला कोणी सांगितले की, भुरी आणि अळंबी एकाच मोठ्या कुळातली आहेत, तर तो दचकेल. कुळ एकच, आणि तेही वनस्पतींचे नव्हे. १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने जीवसृष्टीची पाच राज्ये मांडली आणि त्यांत कवकांना स्वतंत्र राज्य दिले. यांना हरितद्रव्य नाही. आपले अन्न आपण करीत नाहीत. मेलेल्यावर, जिवंतावर, नाही तर कोणाशी भागी करून जगतात. जी छत्री आपल्याला दिसते ते यांचे फळ. खरा देह म्हणजे जमिनीत किंवा लाकडात पसरलेले सुतासारखे जाळे, आणि ते वर्षाचे बारा महिने तिथेच असते.

युरोपात अळंबी शोधायला जातात ते शरद ऋतूत. ओक, बीच, पाइन यांची जुनी राने, गळणारी पाने, हातात वेताची करंडी, असा तो थाट. त्या झाडांची मुळे आणि कवकांचे धागे यांची जन्माची भागी असते. झाड साखर देते, कवक पाणी आणि क्षार आणून देते. म्हणून अमक्या झाडाखाली अमकी अळंबी, असे तिथले जाणते सांगू शकतात. आपल्या उत्तर सह्याद्रीत अशी भागी करणारी झाडे फार थोडी. आपली अळंबी मुख्यतः कुजणाऱ्या लाकडावर, पाचोळ्यावर, शेणावर येते. आणि सर्वांत चविष्ट अशी जी, ती येते वारुळावर. ऋतूही आपला वेगळा. आषाढापासून भाद्रपदापर्यंत, मध्ये उघडीप आणि मग पुन्हा सर, अशा दिवसांत ती फुटते. ढग गडगडले की अळंबी उगवते, ही समजूत आपल्याकडे आहे तशी परदेशांतही आहे.

वारुळाची कथा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. वारूळ म्हटले की आपल्याला नाग आठवतो. पण ते बांधते वाळवी. वाळवीच्या काही जाती शेतकरी आहेत. हा अलंकार नव्हे. त्या वाळलेले गवत, पाने, लाकूड चावून आत नेतात आणि वारुळाच्या पोटात त्याचे मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र पोळे रचतात. त्या पोळ्यावर एक विशिष्ट कवक वाढते. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला पचत नाही, तो हे कवक पचवून मऊ करते, आणि मग वाळवी ते पोळे आणि त्यावरचे बारीक पांढरे दाणे खाते. आत ऊब आणि ओल सांभाळलेली, परक्या बुरशीला मज्जाव. द्राक्षबागाईतदाराने हेवा करावा अशी ही बाग! १७७९ साली क्योनिग नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने आपल्याच देशात, तंजावरकडे, ही वाळवीची पोळी पाहून लिहून ठेवली. १९४२ साली रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने या कवकांच्या वंशाला 'टर्मिटोमायसीस' असे नाव दिले. अर्थ सरळ आहे, वाळवीचे कवक.

पावसाने जमीन भिजली की या पोळ्यावरून एक लांब देठ मातीतून वर वर चढते आणि छत्री उघडते. त्या छत्रीच्या मधोमध बहुधा एक टणक टोक असते. मातीचा थर फोडायला ते पहारीसारखे उपयोगी पडते. देठ हलकेच उपसले तर खाली मुळासारखी शेपटी निघते, कधी कधी चांगली हातभर. ती थेट वाळवीच्या शेतापर्यंत गेलेली असते. ही अळंबी माणसाला अजून व्यापारी प्रमाणावर लावता आलेली नाही. बाजारातली डबीबंद अळंबी किंवा काडावर वाढवलेली धिंगरी वेगळी. त्या विद्येसाठी हिमाचलात सोलन येथे १९८३ पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. पण वाळवीची शेती वाळवीच करू जाणे.

आता माझा मुद्दा. डोंगरातली बाई अळंबी ओळखते ती कशावरून? आपण समजतो, तिच्या आकारावरून, रंगावरून. ते अर्धेच खरे. ती ओळखते जागेवरून. अमक्या बांधाचे वारूळ, तमक्या झाडाखालची ओल, पावसाचे इतके दिवस झालेले, गेल्या वर्षी आणि त्याच्या आधल्या वर्षी इथेच आलेली, सासूने दाखवलेली. वारूळ जिवंत असेतो अळंबी त्याच जागी पुन्हा येते. म्हणजे तिचे ज्ञान हे त्या मातीला बांधलेले ज्ञान आहे.

हे काही अडाण्याचे शास्त्र नव्हे. सुश्रुताने सूत्रस्थानातल्या अन्नपानाच्या अध्यायात या भाज्यांची विभागणी केली आहे, ती कशी? रंगाने नाही, आकाराने नाही. पेंढ्यावर येणारी, उसावर येणारी, वाळल्या शेणावर येणारी, वेळूवर येणारी आणि भुईतून येणारी, अशी जागेप्रमाणे! प्रत्येकीचे गुण निराळे सांगितले आहेत. ज्या वैद्याने हे लिहिले त्याने रानात जाऊन माणसांना विचारले असले पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

आणि हे ज्ञान मातीपासून तोडले की काय होते, तेही ऐका. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा नावाचे राजधानीचे शहर आहे. तिथे युरोपातून आणलेले ओक रस्त्याकडेला लावले आहेत. त्या ओकच्या मुळांबरोबर युरोपातली सर्वांत घातक अळंबी, जिला इंग्रज 'डेथ कॅप' म्हणतात, तीही तिथे रुजली. २०११ सालच्या अखेरच्या रात्री एका चिनी आचाऱ्याने ती शिजवली. त्याच्या देशात भाताच्या पेंढ्यावर येणारी अळंबी आवडीने खातात. कोवळेपणी दोघी फार सारख्या दिसतात. जानेवारीत तो आणि त्याच्याबरोबर जेवलेली एक स्त्री, दोघेही दगावली. माणूस निष्काळजी नव्हता. स्वयंपाक हाच त्याचा धंदा. त्याचे डोळे त्याच्या गावी बरोबर होते. कॅलिफोर्नियात जाऊन राहिलेल्या लाओसकडच्या कुटुंबांवरही हाच प्रसंग आलेला आहे. आपल्याच देशात, आसामात, एप्रिल २०२२ मध्ये रानची अळंबी खाऊन १३ माणसे गेली. त्यांत बरीचशी चहामळ्यांतली कष्टकरी माणसे होती.

मग मला नाशिकची काळजी वाटते. सुरगाणा-पेठकडची कुटुंबे बागांच्या आणि बांधकामांच्या कामाला इथे येतात. पहिल्या पावसांनंतर बंगल्यांच्या हिरवळीवर मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. वर तपकिरी खवले, देठावर कडे. घरच्या डोंगरावरच्या छत्रीची आठवण व्हावी अशीच ती दिसते. पण ती हिरवळीवरची, वारुळावरची नव्हे. तिचे शास्त्रीय नाव 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस'. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत ओकारी आणि जुलाब सुरू होतात. लहान मुलांचे फार हाल होतात. छत्री जुनी झाली की तिच्या खालच्या पाळ्या हिरवट पडतात, ही तिची खूण. पण कोवळेपणी त्या पांढऱ्याच असतात, आणि माणूस तोडतो ती कोवळीच.

दुसरी काळजी आपल्यासारख्या शिकलेल्यांची. आपण मोबाइलवर छायाचित्र टाकतो आणि यंत्र एक नाव सांगते. यंत्राने पाहिली फक्त टोपी. देठाची शेपटी मातीत राहिली, वारूळ चौकटीबाहेर राहिले. कोकणातल्या मित्राने पाठवलेले चित्र घेऊन ब्रह्मगिरीवर अळंबी तोडणे हा प्रकार कॅनबेराच्या आचाऱ्यापेक्षा फारसा निराळा नाही.

शिवाय जुन्या कसोट्या आहेतच. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळवंडली तर विषारी, किड्याने खाल्ली असेल तर निर्धोक, शिजवली की विष जाते. या चारही खोट्या आहेत. डेथ कॅपमधले विष कितीही उकळा, जात नाही. त्याची रीत तर कपटी आहे. सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग ओकारी, जुलाब. मग एखादा दिवस बरे वाटते, घरचे लोक निर्धास्त होतात. आणि त्याच वेळी यकृत नासत असते. म्हणून अळंबी खाल्ल्यावर त्रास जितका उशिरा सुरू होतो, तितका तो अधिक गंभीर समजावा. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये. रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि उरलेली अळंबी असेल तर कागदात गुंडाळून बरोबर न्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती घाम येऊन कुजते आणि ओळखू येत नाही.

कोणी म्हणेल, मग रानात जायचेच नाही की काय? जावे, अवश्य जावे. देवराईत तर मुद्दाम जावे. पुण्याच्या वर्तकांनी आणि माधव गाडगीळांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा लोकांना कळले की देवाच्या धाकाने राखलेल्या या राईंत केवढी वनसंपदा उरली आहे. देवराईत पडलेले झाड कोणी उचलून नेत नाही. ते तिथेच कुजते, आणि त्या कुजण्यातच कवकांचे वैभव असते. कानाच्या पाळीसारखी, पंख्यासारखी, पोवळ्यासारखी, नाना तऱ्हेची. भीमाशंकरच्या रानात तर भर पावसाळ्याच्या रात्री कुजक्या काटक्या हिरवट उजेडाने चमकतात. तेही कवकांचेच काम. हे सारे पाहायला पैसा पडत नाही आणि पोटही बिघडत नाही.

वारुळाला मात्र हात लावू नये. गोव्यात या अळमीला पावसाळ्यात इतका भाव येतो की, लोक उमलण्याआधीच कळ्या उपसतात, वारुळे उकरतात. गोवा विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी या जातींचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि वारुळे वाचवा म्हणून वारंवार लिहिले. वारूळ फुटले की त्या घरची पुढच्या सालची भाजी गेली. नागपंचमीला जमीन खणू नये, नांगर धरू नये, ही आपली चाल नेमकी अळंबीच्या ऐन दिवसांत येते. योगायोग म्हणा.

मुलांना बरोबर नेलेत तर एक खेळ सांगतो. हिरवळीवरची एखादी उमललेली छत्री घ्यावी, देठ कापून टोपी पाळ्या खाली करून कागदावर ठेवावी. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा. वर वाटी पालथी घालावी आणि हात धुवावेत. रात्रभरात बीजुके गळतात आणि सकाळी कागदावर पाळ्यांचे चक्राकार चित्र उमटते. कोणाचे पांढरे, कोणाचे गुलाबी, कोणाचे चॉकलेटी. वारुळावरच्या अळंबीचे गुलाबीसर, आणि हिरवळीवरच्या त्या लबाड छत्रीचे हिरवट. गुलाबी आले म्हणून खायची मात्र नाही. गुलाबी बीजुकांच्या विषारी जातीही आहेत. कागदावर तारीख घालावी आणि ती कुठे सापडली ते लिहावे, वारूळ, शेण, लाकूड की हिरवळ, आणि कागद वहीत जपून ठेवावा.