उधारीची वही



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस 'संकटातून सामर्थ्य' हा विषय दिला आहे. विषय चांगला आहे. पण आरंभीच एक कबुली देतो. संकटाने माणूस बळकट होतो, असे जे सरसकट सांगितले जाते, ते आमच्या पाहण्यात तितकेसे खरे ठरलेले नाही. पुष्कळ माणसे संकटाने मोडतात. आम्ही ज्या चाळीत वाढलो, तिथे मोडलेलीच जास्त होती. जी मोडली नाहीत त्यांना आधार कशाचा होता, एवढेच आज सांगावयाचे आहे. आमचे शिक्षण सातवीत आटोपले. तेव्हा थोरांची वचने आमच्यापाशी नाहीत. घरची हकीकत आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. पुढारी दत्ता सामंत. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. तो विझत गेला. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. वडील मागावर होते. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे बोलणे ते ओठांवरून ओळखीत.

आई खाणावळ चालवी. साताऱ्याकडचे, रत्नागिरीकडचे वीस गडी दोन पाळ्यांनी जेवून जात आणि पगार झाला की पैसे देत. आईला अक्षर येत नसे. वहीत प्रत्येक गड्याचे एक चित्र असे: कुणाची छत्री, कुणाची टोपी, एकाचा नुसता मिशीचा आकडा. एका जेवणाला एक रेघ. बेरीज आमच्याकडे. संप लांबला तसे गडी गावी निघून गेले आणि चित्रांपुढच्या रेघा तशाच राहिल्या. पितळेची भांडी एकेक करून गेली. आईने कुणाला शिव्या दिल्या नाहीत असे म्हटले तर ते खोटे होईल, रोज दिल्या.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते, हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. ज्या बाईपाशी तारण ठेवायला काही नाही, तिलाही बँकेचे कर्ज मिळू शकते, हे त्या बायांनी दाखविले. आमची आई त्या मंडळात नव्हती. पण पाहिलेले फुकट जात नाही. चाळीतल्या पाच जणींनी स्टोव्ह एका खोलीत आणले, रॉकेल एकत्र घेतले आणि दादरच्या कचेऱ्यांत डबे सुरू केले. डबे पोचविण्याचे काम आमचे. शाळा सुटली ती तेव्हा.

आई तगली. वडील मात्र तगले नाहीत. संपात सगळेच गेले, आता आपले काही येणे नाही, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि दाराशी बसून राहिले. सात वर्षे बसले. लोक आम्हांला सांगत, बापाला धीर द्या. ज्याला ऐकूच येत नाही त्याला धीर तरी कसा द्यावा?

एकोणिसाव्या वर्षी गल्लीतल्या वाचनालयात १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचे एक पुस्तक हाती लागले. निम्मे कळले नाही. पण एक हिशेब कळला: शेवटचा महिन्याचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षे. वडिलांचा पगार महागाईभत्ता धरून ७८० रुपये, नोकरी चोवीस वर्षांची. सव्वीसने भागले की तीस. त्याचे पंधरा दिवसांचे साडेचारशे. चोवीस वर्षांचे दहा हजार आठशे. आम्ही तो आकडा पाटीवर मांडून वडिलांसमोर धरला. त्यांनी पाटी घेतली, पुसली आणि स्वतः मांडून पाहिला. असे तीनदा केले. मग सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून विचारले, "अर्ज कुणाकडे करायचा?"

दोन वर्षे हेलपाटे पडले. उशीर का झाला, त्याचा वेगळा अर्ज लिहावा लागला. तो आम्ही चार वेळा लिहिला. वडील पूर्वीसारखे झाले नाहीत, परंतु प्रत्येक तारखेला सदरा धुऊन आमच्या आधी तयार असत. पैसे आले तेव्हा शेजारचे आपापले कागद घेऊन आमच्याकडे आले. युनियनच्या कामात आम्ही पडलो ते असे. तत्त्वज्ञान नंतर वाचले.

त्याच साली पाटणकडचा एक गडी आईकडे आला. त्याचेही हिशेबाचे पैसे मिळाले होते. खांद्यावर तांदळाची पिशवी. तो म्हणाला, "मावशी, माझ्या छत्रीपुढं किती रेघा हायत?" आईने वही काढली. रेघा मोजायला आम्हांला बसविले आणि त्याला आधी ताट वाढले.

या गावातही बंद पडलेल्या कारखान्यांतली मंडळी समोर बसलेली दिसतात. ज्यांचे हिशेब अडले असतील त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे. पगाराची शेवटची चिठ्ठी असेल तर उद्या सकाळी घेऊन यावे. आम्ही दुपारच्या गाडीपर्यंत येथेच आहोत.