‘नळ बंद केलास ना?’

१९९४ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

‘सध्या काय करतेस?’ असं कालपासून सगळेच विचारताय. सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे सोपं उत्तर. अवघड उत्तर आज देते, मुलाला विचारून.

माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. त्याला ओसीडी आहे. आपल्या आज्या मंत्रचळ म्हणायच्या, तोच हा आजार. तुम्ही म्हणाल, कुलूप तर आम्हीही दोनदा ओढून बघतो. दोनदा ओढून तो निघाला असता, तर मी हे बोललेच नसते. बारावीनंतर त्याचं हात धुणं तासतासभर चालायचं. थंडीत कातडी फाटून रक्त यायचं. सकाळी आठलाच गच्चीवरची टाकी रिकामी, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचं नाव! हे सगळं निरर्थक आहे, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. खरा जाच तोच.

मी काय केलं? मदत केली. दिवसातून पन्नास वेळा ‘नळ बंद केलास ना?’, ‘हो रे बाळा, केला.’ त्याचे कपडे वेगळे धुतले, पाहुणे बंद केले. कुणी नवस सांगितला, कुणी लग्न लावून द्या म्हणालं. नवस एक वेळ परवडला. दुसऱ्या सल्ल्यात कुणाच्या तरी मुलीचं आयुष्य होतं.

औषधांचा गुण दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. हे माहीत असतं तर तिसऱ्याच आठवड्यात मी रडत बसले नसते. औषधांच्या जोडीला वागण्यावरचा उपचार असतो. लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये त्याबद्दल लिहिलं. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम हात लावायचा आणि नंतरचं धुणं थांबवायचं. अस्वस्थता चढते, आणि न धुताही उतरते. सुरुवात दाराच्या कडीपासून. धुणं पाच मिनिटं लांबवायचं, मग दहा.

त्यातच मला कळलं, माझा प्रत्येक ‘हो’ आजाराला खाऊ घालत होता. पण एकदम उत्तर बंद करणं हा छळ झाला असता. म्हणून आम्ही तिघांनी बसून ठरवलं, त्याच्या संमतीने. तो सज्ञान आहे; २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही उपचाराचा निर्णय त्याचाच. मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसते. तेही शिकावं लागलं.

कुणाच्या घरी असं असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक टिपून ठेवा. मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आज सकाळी निघताना त्याने विचारलंच, “आई, नळ बंद केलास ना?” मी म्हटलं, “आपलं काय ठरलंय?” तो दारात उभा राहिला. घड्याळात बघितलं नाही म्हणते, पण बघितलं, चार मिनिटं. मग चप्पल घातली, आणि मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून गेला.