चाल त्याची, नाव गायकाचं

फ्रँक सिनात्राचं 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. चाल कुणाची, हे मात्र फार थोडे सांगतील. ती हॅम्बुर्गच्या बेर्ट केम्प्फर्टची. १९६६च्या एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी त्यानं ती बांधली. शब्द मागाहून बसवले, तेही दुसऱ्यांनी. त्याच्या बाबतीत हे वारंवार झालं. 'मून ओव्हर नेपल्स' ही त्याची नुसती वाद्यांवरची धून. तिला शब्द मिळाले आणि 'स्पॅनिश आईज' म्हणून अल मार्टिनोनं ती घरोघर नेली.

केम्प्फर्टचा जन्म १९२३चा. महायुद्धात नौदलाच्या बँडमध्ये वाजवलं, पुढे पॉलिडोर कंपनीत वाद्यसंयोजक आणि निर्माता झाला. १९६१च्या जानेवारीत त्याच्या वाद्यवृंदाचं 'वंडरलँड बाय नाइट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. गंमत अशी, की ही चाल त्याची नव्हतीच. पण चार्ली ताबोरच्या ट्रंपेटभोवती त्यानं केलेली मांडणी अशी, की मूळ संगीतकाराचं नाव कोण विचारतो!

त्याची खूण ओळखायची ती बासवरून. कॉन्ट्राबास खाली घुमत असतो. त्याच्या जोडीला लाडी गाइस्लर इलेक्ट्रिक बास नखीनं छेडतो आणि तार लगेच दाबून स्वर तोडतो. टक्, टक्, टक्. एवढ्या कोरड्या ठेक्यावर व्हायोलिनं निवांत तरंगतात. वाद्यं चिक्कार, पण गर्दी कुठेच नाही. हे लिहिणं भल्याभल्यांना जमत नाही.

१९६१च्या जूनमध्ये हार्बुर्गमधल्या एका शाळेच्या सभागृहात त्यानं गायक टोनी शेरिडनची गाणी ध्वनिमुद्रित केली. साथीला लिव्हरपूलची चार पोरं होती: बीटल्स! तबकडीवर नाव छापलं 'बीट ब्रदर्स'. पुढच्या वर्षी बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइननं मागणी केली, तेव्हा केम्प्फर्टनं त्यांना करारातून मोकळं केलं. सोन्याची कोंबडी सोडली, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. प्रत्येक स्वर कागदावर उतरवणाऱ्या माणसानं त्या पोरांचं करायचं तरी काय?

१९८०मध्ये मायोर्का बेटावर तो वारला. आता ऐकू या १९६२चं 'अ स्विंगिंग सफारी'. दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवर पत्र्याच्या शिट्टीवर वाजणाऱ्या क्वेला संगीताची ही नक्कल, पण प्रेमानं केलेली. बासरी तुमचं लक्ष ओढून घेईल. तरी एक कान बासकडे असू द्या.