विजेचे काम आणि परीक्षणाची साधने
(मंडळाच्या खराडी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खराडी गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतर शेतांच्या जागी गृहसंकुले, दुकाने आणि इऑनसारखी संगणक-उद्योगाची मोठी आवारे उभी राहिली. जमीन विकून आलेला पैसा एका पिढीत सरतो. हातातील कसब मात्र सरत नाही. म्हणून औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी शिकून जे तरुण विजेच्या कामाचा स्वतंत्र व्यवसाय मांडू पाहतात, त्यांचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु या व्यवसायात भांडवल थोडे आणि जोखीम जिवाची असते. तेव्हा पहिले पैसे कोणत्या साधनांत घालावेत, याविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

साधनांचा क्रम किमतीवरून किंवा दिखाऊपणावरून ठरवू नये, असे आमचे मत आहे. कोणत्या प्रश्नाचे उत्तर चुकले असता माणूस दगावेल, हे प्रथम पाहावे आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणारे साधन प्रथम घ्यावे.

पहिला प्रश्न असा की, आपण हात लावतो त्या तारेत वीज आहे की नाही? पुष्कळांचा भरवसा खिशातील निऑनच्या टेस्टरवर असतो. तो दिवा आपल्याच शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास तो मंद होतो आणि उन्हात दिसतही नाही. उलट न्यूट्रल तार तुटली असेल आणि पुढे एखादा दिवा चालू असेल, तर सॉकेटची दोन्ही भोके टेस्टरला पेटवितात व काम करणारा गोंधळतो. म्हणून टेस्टर हा इशारा समजावा, पुरावा समजू नये. पुराव्यासाठी चांगला मल्टीमीटर अथवा दोन टोकांचा दाबदर्शक हवा. प्रथम चालू असलेल्या सॉकेटवर साधन तपासावे, नंतर बंद केलेली तार तपासावी आणि पुन्हा चालू सॉकेटवर साधन लावून पाहावे. मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल, तर तो तिसऱ्या पायरीस उघडा पडतो.

मल्टीमीटर घेताना आकड्यांपेक्षा त्याची सुरक्षा अधिक पाहावी. घरातील वितरण-फलकावर काम करण्यासाठी कॅट थ्री, ६०० व्होल्ट आणि जेथे बाहेरून वीज इमारतीत येते तेथे कॅट फोर ही श्रेणी असावी. तीच श्रेणी मीटरच्या वायरींवरही छापलेली असावी. वायरींचे वेष्टन चिरले असेल तर मीटर कितीही महाग असो, तो धोक्याचाच. आतील फ्यूज गेल्यास मूळच्याच प्रतीचा घालावा. तेथे तांब्याची तार कधीही गुंडाळू नये. पुण्यात तपकीर गल्लीत नाना प्रकारचे मीटर मिळतात. परंतु नुसता छाप पाहून न घेता निर्मात्याचे नाव, हमीपत्र आणि दुरुस्तीची सोय विचारावी. आपल्या नाशिक येथेच मोटवाने आणि ऋषभ या संस्था अशी साधने बनवितात, हेही ध्यानात असावे.

दुसरा प्रश्न तारेच्या वेष्टनाचा. पावसाळ्यात भिंती ओलावतात आणि जुन्या वायरींतून वीज पाझरू लागते. मल्टीमीटर काही व्होल्टच्या बॅटरीवर रोध मोजतो, त्यामुळे हा दोष त्याला पुष्कळदा दिसत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो. वीज बंद करून, दिवे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवून मगच तो लावावा. नाही तर ग्राहकाच्या वस्तूंचे नुकसान होईल. घरगुती वायरिंगमध्ये एक मेगोहमपेक्षा कमी रोध दिसला, तर दोष शोधल्यावाचून वीज सुरू करू नये. प्रत्येक घराचा आकडा तारखेसह वहीत उतरवून ठेवावा. गतवर्षी ५० मेगोहम आणि यंदा ३ असतील, तर मर्यादा ओलांडली नसली तरी ती वही पुढील संकट आधीच सांगते.

तिसरा प्रश्न अर्थिंगचा. येथे शाळेतील ओहमचा नियमच कामी येतो. गीझरच्या धातूच्या कवचास फेज चिकटला आणि जमिनीकडे जाणाऱ्या मार्गाचा एकूण रोध २० ओहम असला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडणार नाही आणि गीझर जिवंत विजेसह तसाच उभा राहील. अशा वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्राण वाचवितो. परंतु त्यावरील चाचणीचे बटण दाबून अर्थिंगची परीक्षा होत नाही. ते बटण फक्त त्या यंत्रणेची परीक्षा घेते. अर्थिंगचा रोध मोजण्यासाठी अर्थ टेस्टर हवा आणि तो महाग असतो. शिवाय खराडीतील सिमेंटच्या गल्ल्यांत त्याच्या सळया ठोकण्यास माती सापडणे कठीण. म्हणून सळयांवाचून चालणाऱ्या परीक्षकाचाही विचार करावा.

चौथे साधन क्लॅम्प मीटर. कार्यालयांतील संगणक व एलईडी दिवे प्रवाह सरळ लाटेत घेत नाहीत, त्यामुळे साधा मीटर तो कमी दाखवितो. तेथे ट्रू आरएमएस मीटर घ्यावा आणि न्यूट्रल तारेचाही प्रवाह अवश्य मोजावा. तीन फेजच्या कार्यालयात तो अपेक्षेहून जास्त निघतो आणि न्यूट्रल तापते.

साधन घेतले म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. प्रमाणित मापाशी त्याची तुलना करून घ्यावी लागते. मुंबईस चुनाभट्टी येथे आयडेमी ही केंद्र शासनाची संस्था आहे. अन्यत्रही एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा हे काम करतात. आणि परवान्यावाचून व्यवसाय करू नये. ठेकेदाराच्या परवान्यास कोणती साधने लागतात, ते परवाना मंडळाच्या नियमांत आधी पाहून मगच खरेदी करावी.

आता एक विनंती. मल्टीमीटर आणि मेगर प्रत्येक तरुणाने स्वतःचे घ्यावेत. कारण ते रोज लागतात आणि त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. परंतु अर्थ टेस्टर महिन्यातून थोडेच दिवस लागतो. तो मंडळाने एक विकत घेऊन कार्यालयात ठेवावा, नोंदवहीत सही घेऊन सभासद तरुणांस द्यावा आणि त्याच्या वार्षिक तपासणीचा खर्च मंडळाने सोसावा. सत्कारांच्या शाली आणि नारळ यांतून थोडी बचत केल्यास हे सहज साधेल.

भगिनींनाही आमचे सांगणे आहे. घरी विजेचे काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी, "मेगरचा आकडा किती आला, अर्थिंग मोजली काय?" असे अवश्य विचारा. जो मुलगा वही उघडून आकडा दाखवील, त्याला चार पैसे अधिक द्यावे लागले तरी द्या. असा ग्राहक भेटला तरच मोजून काम करणारा कारागीर टिकेल, आणि तो टिकला तर आपली घरे सुरक्षित राहतील.