लाल डोळा आणि क्षय
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, भूगोल शिकवणारा मास्तर आहे. तरी आज डोळ्यांविषयी बोलणार आहे, त्याला कारण माझ्या वर्गातला एक मुलगा. नववीत त्याचा उजवा डोळा लाल होई, उजेड सोसत नसे, फळा धुरकट दिसे. 'डोळे आलेत' म्हणून घरच्यांनी दुकानातून थेंब आणले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. असे पाच महिने गेले. शेवटी मिरजेला तपासले, तेव्हा निदान क्षयाचे निघाले. खोकला नाही, ताप नाही!

साधे डोळे येतात ते बाहेरून. ही सूज डोळ्याच्या आत असते. क्षयाचे जंतू रक्तातून तिथे पोचतात, किंवा शरीराचा त्यांच्याशी झगडा चालतो त्यात डोळा होरपळतो. डोळ्यातून जंतू हाती लागणे कठीण. मान्टूची सुई टोचतात, पण आपल्या देशात धडधाकट माणसांचीही ती उमटते. म्हणून छातीचा एक्स-रे, रक्त, सारे पाहूनच डॉक्टर ठरवतात.

त्या थेंबांत स्टेरॉईड होते. त्याने सूज दबते, जंतू मरत नाहीत. डॉक्टरही स्टेरॉईड देतात, पण क्षयाच्या औषधांच्या जोडीने आणि मोजून. गोळ्या सहा ते नऊ महिने चालतात. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. मात्र इथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरवा रंग ओळखेनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय काढले. पुढे वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झाले. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडेपर्यंत विश्रांती, हवा आणि दूध-अंडी यांवरच भिस्त होती. आज सातारा-सांगलीच्या सरकारी दवाखान्यांत गोळ्या फुकट मिळतात. नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी महिना 1000 रुपयेही ठरले आहेत. तरी आपण लपवतो, विशेषतः मुलगी असेल तर! अहो, फुप्फुसे स्वच्छ असतील तर डोळ्याचा क्षय दुसऱ्याला लागत नाही. घरच्यांनीही एकदा तपासून घ्यावे, इतकेच.

रमजानात गोळ्या सोडणारे मी पाहिले आहेत. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे. रोजा ठेवायचाच असेल, तर गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, मनाने नको.

तो मुलगा आता अकरावीत आहे. उजव्या डोळ्याने तक्त्यावरची वरची दोनच अक्षरे दिसतात. डावा शाबूत आहे. दर तीन महिन्यांनी तो एस.टी.ने मिरजेला जाऊन तो दाखवून येतो.