तव्यावरून उडालेली मोहरी

वाण्याच्या तराजूचा काटा स्थिर झाला की आपण निर्धास्त होतो. पण हवेत तरंगणारे धुराचे कण तोलायचे कसे? त्यासाठी ‘एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर’ नावाचे यंत्र आहे. त्यात हवेतले सूक्ष्म कण निर्वात नळीतून जाऊन ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या टंगस्टनवर आदळतात. त्यांची वाफ होते, आणि तिच्या रेणूंच्या वस्तुमानावरून सल्फेट किती, सेंद्रिय द्रव्य किती, हे कळते.

आता गंमत पाहा. तापल्या तव्यावर टाकलेल्या मोहरीचे काही दाणे उडून बाहेर पडतात ना? तसेच इथेही होतं. कोरडे कण उसळतात आणि मोजदादीतून निसटतात. निम्मेच सापडले असे बहुधा धरतात. म्हणून घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम सापडले, तर वहीत १० लिहितात. पण कण ओलसर किंवा फार आम्लधर्मी असले, तर ते अधिक चिकटतात. मग ही दुप्पट फसते!

विमानातून घेतलेल्या अशा मोजमापांचा हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सेंद्रिय द्रव्याच्या आकड्यात अनिश्चितता निघाली सुमारे ३८ टक्के. म्हणजे १० चा अर्थ सहापासून चौदापर्यंत काहीही!

मग यंत्र खोटं का? मुळीच नाही. पण एका शहराचे १० आणि दुसऱ्याचे १२ पाहून कोणी लगेच निवाडा देऊ लागला, तर विचारावे, “बाबा रे, अधिक-उणे किती?” माझा विद्यार्थी ते चिन्ह गाळतो, तेव्हा मी गुण कापतो. प्रश्न श्वासाचा असताना तर ते गाळू नयेच.